पुढच्या चाकाचा आवाज

सांगलीच्या गणपती पेठेतील एका धान्याच्या दुकानात गेले दोन-तीन महिने दिवेलागणीला एक आवाज नेमाने ऐकू येई. कोपऱ्यावर मोटरसायकल वळली, की प्रथम बारीक शिटीसारखा आणि थांबता थांबता कानात टोचणारा एक सूर उठे. गल्ल्याशी बसलेले आप्पा मान वर न करता म्हणत, “आला.” येणारा त्यांच्या धाकट्या भावाचा मुलगा. समोरच्या दुकानातील हमालही एव्हाना त्या आवाजावर हसू लागले होते.

मोटरसायकल दूरच्या प्रवासासाठी हौसेने घेतलेली; पुढे मोठी डिस्क, मागे सामानाच्या पेट्या लावण्याची सोय. पुढच्या आठवड्यात पुतण्या आणि सूनबाई कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट या मार्गाने रत्नागिरीला जाणार होते. निघण्यापूर्वी हा आवाज घालवायचा, एवढेच त्याच्या मनात होते. चेनला मारायच्या तेलाचा एक फवारा डिस्कवर मारला की आवाज जातो, असे त्याला कुणीतरी सांगितले होते. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी तो डबा हाती घेऊन चाकाशी बसला, तेव्हा आप्पांनी ओट्यावरून विचारले, “कशाचा डबा आहे रे तो?”

“चेनचं तेल आहे, आप्पा. जरासं मारतो, म्हणजे चीं-चीं थांबेल.”

“चीं-चीं थांबेल. गाडी थांबेल का?”

आप्पांनी उमेदीच्या काळात दुकानाचा टेंपो स्वतः चालवला होता आणि त्याची बारीकसारीक दुरुस्तीही स्वतःच केली होती. मोटरसायकलचा डिस्क ब्रेक कधी त्यांच्या हाताखालून गेला नव्हता. परंतु ब्रेकला तेल लागले म्हणजे काय होते, याचा अनुभव त्यांना एका उतारावर पुरेसा आला होता. डबा कपाटात गेला.

चाक थांबते ते केवळ घर्षणाने. डिस्कच्या दोन्ही अंगांना एकेक पॅड असतो. लिव्हर दाबली की ब्रेक ऑईलच्या दाबाने कॅलिपरमधील पिस्टन पुढे सरकतात आणि दोन्ही पॅड डिस्कला आवळतात. ब्रेक लागताच गाडीचा आणि स्वारांचा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून गाडी थांबवण्याचे बहुतांश काम पुढचाच ब्रेक करतो. घाटाच्या उतारावर तर हा भार आधीच पुढे कललेला असतो. तेथे तेलाचा पातळसा थर आला, तरी लिव्हर नेहमीसारखीच दाबली जाते आणि गाडी मात्र पुढे सरत राहते. शिवाय पॅड सच्छिद्र असतात. त्यांत मुरलेले तेल फडक्याने पुसून निघत नाही.

आवाजाची ही कटकट डिस्क ब्रेकइतकीच जुनी आहे. इंग्लंडमधील फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले, तेव्हा त्यांनी तांब्याचे पॅड वापरले होते. धातूवर धातू घासून ते असह्य किंचाळत. पुढे १९०७ मध्ये हर्बर्ट फ्रूड यांनी पॅडना ॲस्बेस्टॉसचे अस्तर दिले, तेव्हा आवाजही निवला आणि पॅडही अधिक काळ टिकू लागले. त्या ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांना घातक ठरली, हा मात्र निराळा आणि दुःखद इतिहास. आजच्या पॅडांत सहसा ॲस्बेस्टॉस नसते. तरीही ब्रेकची धूळ तोंडाने वा हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. मोटरसायकलींत डिस्क ब्रेक मोठ्या प्रमाणावर आला तो १९६९ च्या होंडा सीबी ७५० पासून, आणि त्याबरोबर हा आवाजही आला.

ओले बोट काचेच्या पेल्याच्या काठावरून फिरवले की पेला गाऊ लागतो. बोट काठाला क्षणभर चिकटते, सुटते, पुन्हा चिकटते आणि त्या कंपनाने काच वाजते. ब्रेकमध्ये नेमके हेच घडते. पॅड सेकंदाला हजारो वेळा चिकटतो आणि सुटतो, आणि डिस्क म्हणजे पातळ पोलादी थाळीच असल्याने ती थाळीसारखी वाजते. हे कंपन होण्यास पॅड ढिला बसलेला असेल, त्याचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला असेल, पिस्टन वा कॅलिपरची सरकती पिन अडकत असेल, किंवा मध्ये घाण वा तेल शिरले असेल. पावसाळी सकाळी वा गाडी धुतल्यावर दोन-चार वेळा आवाज येऊन तो आपोआप गेला, तर त्याची चिंता नको. बारीक चीं-चीं रोजची झाली, तर कॅलिपर उघडून पाहावा. आणि आवाज जाड, खरखरीत, धातूवर धातू घासल्यासारखा झाला, तर गाडी तेथेच थांबवावी. पॅडचे अस्तर संपून मागची पट्टी डिस्क खरवडत असते.

पुतण्याची गाडी दुसऱ्या प्रकारातली होती.

“गाडीबरोबर पुस्तक मिळालं असेल ना? ते आण आधी,” आप्पा म्हणाले. पुस्तक कागदाच्या वेष्टनासकट सापडले. ते कधी उघडलेच गेले नव्हते.

डिस्क पूर्ण थंड होती. पॅडची पिन आधी थोडी सैल केली, कारण कॅलिपर सुटा झाल्यावर ती फिरवायला जोर मिळत नाही. मग दोन बोल्ट काढून कॅलिपर बाहेर घेतला आणि तो ब्रेकच्या नळीवर लोंबू न देता सुतळीने हँडलला टांगला. या नळीवर भार देणे म्हणजे तिच्या आतून तडा जाण्यास आमंत्रण. पॅड निघाले. अस्तर सुमारे तीन मिलिमीटर शिल्लक होते. ते दोनवर आले की नवे घेणे शहाणपणाचे. पण आतला पॅड बाहेरच्याहून स्पष्टपणे अधिक झिजलेला होता. याचा अर्थ कॅलिपर आपल्या पिनांवर मोकळा सरकत नव्हता. पिना बाहेर काढल्या, तर त्यांवरचे ग्रीस वाळून पिवळ्या पापुद्र्यासारखे झालेले.

पुतण्याला हायसे वाटले. कारण सापडले, ग्रीस लावले की काम झाले! त्याने पॅड पुन्हा बसवायला घेतले. आप्पांनी त्यातला एक उन्हात धरला. अस्तराचा अर्धा भाग करडा होता आणि अर्धा काळपट, ओलसर चकाकणारा. त्यांनी पॅड नाकाशी नेला. मग काही न बोलता कॅलिपरच्या वरच्या अंगाला, शॉकअपच्या नळीवरून बोट फिरवले. बोटावर धूळ मिसळलेले तेल आले.

पुढच्या शॉकअपचे ऑईल सील गळत होते. कॅलिपर ज्या बाजूला बसवलेला असतो, त्याच बाजूचे सील गळले की तेल थेंबाथेंबाने खाली उतरते, धुळीत मिसळून दिसेनासे होते आणि अखेर पॅडवर पोहोचते. अनेकांच्या गाड्यांचे पॅड दोन-दोनदा बदलले जातात, आवाज महिन्याने परत येतो आणि दोष पॅडच्या कंपनीला दिला जातो. वर कुणी पाहत नाही. कधी सिलाच्या ओठाखाली केवळ मातीचा कण अडकलेला असतो आणि फोटोच्या जुन्या निगेटिव्हची पट्टी तेथून अलगद फिरवली की गळती थांबते. येथे सिलाच्या कडेला चीरच गेलेली होती.

पुतण्याने घड्याळाकडे पाहिले, मग पॅडकडे. “तीन मिलिमीटर आहेत अजून, आप्पा. पेट्रोलनं धुतो, पॉलिश पेपरनं घासतो. सील परत आल्यावर बघू. आणि या गाडीला एबीएस आहे.”

“रॉकेल सांडलेलं गव्हाचं पोतं अर्धं भरलंय म्हणून चाळून विकतोस का तू?”

पुतण्या काही बोलला नाही.

एबीएसचा त्याने काढलेला मुद्दा पुष्कळांच्या मनात असतो. भारतात १२५ सीसीवरील मोटरसायकलींना ही यंत्रणा नव्या मॉडेलसाठी एप्रिल २०१८ पासून आणि सर्वच नव्या गाड्यांसाठी एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली, आणि तिने अनेकांचे प्राण वाचवले असतील. परंतु तिचे काम एवढेच, की जोराचा ब्रेक लागून चाक जाम होऊ लागले तर दाब क्षणभर सैल करायचा. तेलकट पॅडला जी पकडच उरलेली नाही, ती एबीएस कोठून आणणार? पॉलिश पेपरचा उपायही खोटा नाही. हलका ब्रेक सतत धरून चालवल्याने जो पॅड केवळ गुळगुळीत होतो, तो काचेवर पसरलेल्या पॉलिश पेपरवर घासला असता पुन्हा पकड धरतो. तेल प्यालेला पॅड मात्र टाकूनच द्यावा लागतो.

त्या संध्याकाळी घरात थोडी कुरबुर झाली. रत्नागिरीच्या मुक्कामाचे पैसे भरलेले होते. सूनबाईंनी बसने जाण्याचे सुचवले आणि ते पुतण्याला अपमानकारक वाटले. शेवटी निघणे चार दिवस पुढे गेले.

सिलाचे काम मेकॅनिककडे झाले. दोन्ही बाजूंची सिले एकदम बदलली आणि शॉकअपमध्ये पुस्तकात दिलेल्या मापाने नवे तेल भरले. ब्रेकचे काम मात्र काका-पुतण्यांनी घरीच पुरे केले. डिस्क ब्रेक क्लीनरने, स्वच्छ पांढऱ्या फडक्याने, फडके पांढरेच राहीपर्यंत पुसली. डिस्कवर तिची किमान जाडी कोरलेली असते. शेजारच्या वर्कशॉपमधून व्हर्निअर आणून ती ताडून पाहिली. पिस्टन जुन्या टूथब्रशने चारी बाजूंनी साफ केल्यावरच आत ढकलले. मळकट पिस्टन तसाच दाबला तर घाण रबरी रिंगेत जाते. ही चौकोनी काटाची रिंग मोठी गमतीची वस्तू आहे: ब्रेक लागताना ती पिस्टनबरोबर किंचित पिळली जाते आणि लिव्हर सुटताच पूर्ववत होताना पिस्टनला केसभर मागे ओढते. डिस्क ब्रेकला स्प्रिंग लागत नाही ते तिच्यामुळे. ती घाणीने कडक झाली, की पॅड डिस्कला चिकटून राहतो, तापतो आणि वाजू लागतो.

सरकत्या पिनांना रबराला न खाणारे सिलिकॉन ग्रीस लावले. पॅडच्या पाठीला, जेथे पिस्टन टेकतो तेथे, उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा पुसटसा हात. अस्तराच्या बाजूला कणभरही नाही. नव्या पॅडच्या धारदार कडा कानशीने किंचित तिरप्या केल्या, कारण सरळ कड डिस्कला अडखळते आणि तेथूनच कंपन सुरू होते. गाडीचे तिसरे वर्ष चालू होते आणि ब्रेक ऑईल चहाच्या रंगाचे झालेले, म्हणून तेही बदलले. डॉट ४ प्रतीचे ताजे ऑईल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. हवेतील ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. लांब घाट उतरताना ते उकळले की त्यात बुडबुडे होतात आणि लिव्हर स्पंजासारखी मऊ पडते. हे ऑईल रंगही खाते. टाकीवर सांडलेला एक थेंब पुतण्याने धावत जाऊन पाण्याने धुतला.

सर्व बोल्ट पुस्तकातील मापाने आवळून होताच तो उत्साहाने गाडीवर बसला. आप्पांनी किल्ली काढून घेतली आणि लिव्हर दाबली. ती अडथळ्याविना थेट मुठीला टेकली. पुतण्याचा चेहरा उतरला. पिस्टन आत ढकललेले असताना पॅड डिस्कपासून दूर असतात. लिव्हर अनेकदा दाबून ते जवळ आणावे लागतात. हे विसरून फाटकाबाहेर निघालेला माणूस पहिल्याच वळणावर ब्रेकशिवाय असतो. आठ-दहा वेळा दाबल्यावर लिव्हर कडक झाली आणि मग किल्ली परत मिळाली.

नवे पॅड लगेच पूर्ण पकड धरत नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे आष्ट्याच्या रस्त्यावर, वाहतूक नसताना, पुतण्याने वीस वेळा ताशी पन्नासवरून दहा-पंधरापर्यंत वेग हळूहळू उतरवला, पूर्ण न थांबता आणि मध्ये डिस्कला वारा लागू देत. पहिल्या चार-पाच वेळा बारीकसा आवाज आला. नंतर आला नाही.

आंबा घाट त्यांनी खालच्या गिअरमध्ये उतरला. ब्रेक सतत घासत न ठेवता, वळणापूर्वी एकदा ठाम लावून सोडून द्यायचा, असे आप्पांनी बजावले होते. एका वळणावर समोर म्हशींचा कळप आडवा आला. गाडी जागच्या जागी उभी राहिली आणि सूनबाईंचे शिरस्त्राण पुतण्याच्या शिरस्त्राणावर आपटले. त्याने ही गोष्ट घरी सांगितली नाही, तिने सांगितली.

ते परतले त्या संध्याकाळी आप्पा गल्ल्याशी वही लिहीत होते. गाडी दुकानासमोर येऊन उभी राहिली, तरी त्यांना कळले नाही. सूनबाईंनी हाक मारल्यावर ते चष्मा सावरत बाहेर आले, प्रवास कसा झाला ते विचारले आणि बोलता बोलता वाकून त्यांनी शॉकअपच्या नळीवरून बोट फिरवले. बोटाला फक्त धूळ लागली. ती त्यांनी धोतराला पुसली आणि हमालाला पेट्या उतरवायला सांगितले.