विश्लेषण : मानेतील कृत्रिम चकती निकामी का होते?

मानेच्या मणक्यांमधील चकती सरकून नस दबली, तर ती काढून दोन मणके जोडणे हा रूढ उपचार. त्याने मानेची हालचाल काहीशी घटते. ती टिकवण्यासाठी कृत्रिम चकती आली. अमेरिकेच्या ‘एफडीए’ने अशा पहिल्या चकतीला २००७ मध्ये मान्यता दिली.

गुंतागुंत कोणती?
शस्त्रक्रिया गळ्याच्या पुढील बाजूने होते. त्यामुळे सुरुवातीला गिळताना त्रास होणे, आवाज बसणे असे घडते. पुढे चकती सरकू शकते, हाडात रुतू शकते किंवा तिच्याभोवती नको असलेले हाड वाढून हालचालच थांबते.

‘एम६-सी’ची चर्चा का?
टायटॅनियमच्या दोन पट्ट्यांमध्ये पॉलिमरचा गाभा असलेल्या या चकतीला ‘एफडीए’ने २०१९ मध्ये मंजुरी दिली. काही रुग्णांत झिजेचे सूक्ष्म कण सुटून भोवतालचे हाड विरघळले आणि काही वर्षांनी चकती काढावी लागली. ‘ऑर्थोफिक्स’ कंपनीने २०२५ मध्ये हे उत्पादन बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. कारण मात्र व्यावसायिक दिले. आधी बसवलेल्या चकत्या रुग्णांच्या मानेतच आहेत.

रुग्णांनी काय करावे?
हाड झिजताना दुखेलच असे नाही. म्हणून त्रास नसला तरी डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरावीक काळाने एक्स-रे काढावा. हात बधिर होणे, चालताना तोल जाणे ही लक्षणे दिसल्यास तातडीने डॉक्टरांकडे जावे. चकतीचे नाव व लॉट क्रमांक असलेले स्टिकर जपावे. भारतात उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रमात करता येते. पण कोणती चकती बसवली हेच माहीत नसेल, तर नोंद करणार कशाची?