चिकाची ठेव

गाय व्याली की चिकाचा तांब्या शेजारी पोचतो, घरोघर खरवस शिजतो. चीक आईचा असला, की मात्र "पहिलं दूध जड असतं, पिळून टाक" असे सांगणाऱ्या आजीबाई आमच्या घुग्घुसच्या आसपास अजून भेटतात. कोळसा आला, सिमेंट आले, घरात फ्रीज आला. हा समज काही गेला नाही.

उलट आता बाळंतपणाआधीच चीक काढून गोठवून ठेवण्याचा विचार आला आहे. तो खुळचट नव्हे. मधुमेही आईच्या बाळाची साखर जन्मानंतर उतरू शकते. तेव्हा हा चीक कामी येतो. ऑस्ट्रेलियातील २०१७ च्या अभ्यासात, दुसरा धोका नसलेल्या अशा मातांनी छत्तिसाव्या आठवड्यापासून रोज दोनदा चीक काढला. त्यामुळे बाळांना अतिदक्षता विभागात हलवण्याचे प्रमाण वाढले नाही. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा उद्योग करू नये.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात आशियातील पहिली मातृदुग्धपेढी काढली. दान आलेले दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून तिथे वापरतात. बँकेत उमर गेलेल्या मला ही बिनव्याजी ठेव फार मोलाची वाटते.

बाकी घरांना ना पेढी लागते, ना फ्रीज. पहिल्या तासात बाळ आईच्या छातीशी द्यावे, मध-घुटी नको. चमचा-दोन चमचेच, पण रोगाशी झुंजायचे बळ त्यातच असते. सुनेसाठी फ्रीज घेण्याआधी आम्ही वडीलधाऱ्यांनी तेवढा चीक वाया जाऊ देऊ नये.