नागअळी म्हणजे नेमकी कोणती अळी?

टोमॅटोच्या पानांत पांढरी रेघ दिसली कीं "नागअळी पडली" असें म्हणून आपण फवारणीस निघतों. निफाड, दिंडोरी, चांदवड येथील बागाइतदारांस आमचें विचारणें इतकेंच कीं, ही अळी कोणाची? कारण या एका नांवाखालीं दोन निराळे परदेशी कीटक नांदत आहेत.

एक अमेरिकेंतून आलेल्या माशीची अळी. ती पिवळसर व बिनपायांची असून पानांत अरुंद, नागमोडी रेघ काढते. फळांस शिवत नाहीं. दुसरी, जेमतेम पाव इंच लांबीच्या करड्या पतंगाची. हिला पाय असतात, डोकें काळसर असतें. पानावर रुंद फोडासारखा डाग पडतो, आणि फळांतही ती देठाजवळून शिरते. खरें नुकसान तेथें होतें. हा पतंग मूळ दक्षिण अमेरिकेचा. २००६ सालीं तो स्पेनमध्यें व २०१४ सालीं पुण्याकडे आढळला. माशीसाठीं पिवळे चिकट सापळे. पतंगाच्या नरासाठीं मात्र कामगंध सापळे.

या पतंगाच्या नांवाची कथाही ऐकण्याजोगी आहे. १९१७ सालीं मेरिक या इंग्रज पंडितानें त्यास 'फ्थोरिमिया' वंशांत घातलें. पुढें वंश बदलत बदलत तो 'टुटा' झाला, आणि २०२१ सालीं शास्त्रज्ञांनीं त्यास पुन्हां मूळ वंशांत नेलें. एकाच प्राण्याचें बारसें कितीदां करावयाचें, असें कोणी हंसून म्हणेल. आम्हांस तें हंसण्यावारी नेण्यासारखें वाटत नाहीं. १९०६ च्या सुमारास इटलीच्या बियाण्याबरोबर आपल्याकडे आलेला बटाट्याचा पतंग याच वंशांतला आहे. दोघेही बटाटा, टोमॅटो व वांगें या एकाच कुळावर पोसतात. तेव्हां बटाटा काढून त्याच शेतांत टोमॅटो लावणें ही फेरपालट नव्हे. ती पाहुण्यास दुसरी पंगत वाढणें होय.

मात्र भाऊबंद झाले तरी त्यांचे गंध निरनिराळे. एकाच्या गंधास दुसरा भुलत नाहीं. पुडीवर नुसतें 'फ्थोरिमिया' वाचून फसूं नये. पुढें 'ॲब्सोल्युटा' असेल तर ती टोमॅटोच्या पतंगाची, मग आधीं 'टुटा' असो वा 'फ्थोरिमिया'. 'ऑपरक्युलेला' असेल तर बटाट्याच्या.

विक्रेत्यांनीं पुडीवर मराठींत कीटकाचें व पिकाचें नांव छापावें, आणि सल्ला देणाऱ्यांनीं 'नागअळी' हा मोघम शब्द टाकून 'नागमाशी' व 'टोमॅटोचा पतंग' असें स्पष्ट लिहावें, अशी आमची मागणी आहे. तोंवर पान उजेडाकडे धरून, अळीस पाय आहेत कीं नाहींत हें पाहिल्यावांचून औषधाच्या दुकानाची पायरी चढूं नये.