पैसे मिळाले, जबाबदार कोण?

नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस 1 जुलै 2023 रोजी मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर, सिंदखेडराजाजवळच्या पिंपळखुटा शिवारात उलटली. डिझेलची टाकी फुटली, बसने पेट घेतला आणि 25 प्रवासी जागीच गेले. बस डाव्या अंगावर पडल्यामुळे दार खाली दबलं होतं. वाचलेल्यांपैकी काही जण काच फोडून बाहेर पडले. मृतांची ओळख पटणंही अवघड झालं आणि दुसऱ्या दिवशी बुलढाण्यात 24 जणांवर सामूहिक अंत्यसंस्कार झाले.

राज्य सरकारने प्रत्येकी पाच लाख जाहीर केले, पंतप्रधान निधीतून दोन लाख. टायर फुटला, असं चालकाचं म्हणणं होतं. परिवहन कार्यालयाच्या प्राथमिक अहवालाने ते फेटाळलं. मग चूक कोणाची?

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात या प्रश्नाचं काय होतं, ते पाहण्यासारखं आहे. समजा, मृत मुलगा 26 वर्षांचा, अविवाहित, पुण्यात 20 हजारांच्या ठरावीक पगारावर काम करणारा. सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (2009) आणि प्रणय सेठी (2017) या निकालांत गणित आखून दिलं आहे. भविष्यातल्या वाढीपोटी 40 टक्के धरा: 28 हजार. तो स्वतःवर निम्मे खर्च करत असणार म्हणून उरले 14 हजार. वर्षाचे 1 लाख 68 हजार, त्याला वयानुसार 17 ने गुणा: 28 लाख 56 हजार. शेजारच्या सीटवरच्या, त्याच वयाच्या मुलाचा पगार लाखभर असेल, तर हाच आकडा जवळपास पाचपट होतो. बस एक, आग एक, मरण एक.

मला हे खटकतं. पण यामागे विचार आहे. जे हिरावलं गेलं ते, पैशात शक्य तेवढं, ज्याने हिरावलं त्याने परत करावं. ॲरिस्टॉटलपासून चालत आलेली ही न्यायाची कल्पना. ती माणसाची किंमत ठरवत नाही, घराला बसलेला फटका मोजते. दुसरा विचार अमेरिकेतल्या गिडो कॅलाब्रेसी यांनी 1970 च्या ग्रंथात मांडला: अपघाताचा खर्च अशाच्या खिशाला लागावा, जो तो सर्वांत स्वस्तात टाळू शकतो. आणि तिसरा न्यूझीलंडचा. तिथे 1974 पासून अपघातग्रस्ताला सार्वजनिक निधीतून मदत मिळते. चूक कोणाची हे विचारतच नाहीत आणि इजेसाठी खटलाही भरता येत नाही.

आपला मोटार वाहन कायदा पहिल्या आणि तिसऱ्या विचाराला हात घालतो आणि मधल्यालाच विसरतो. भरपाई विमा कंपनी देते. हा तृतीय पक्ष विम्याचा हप्ता वाहनाचा वर्ग आणि आसनसंख्या पाहून ठरतो, मालकाचा पूर्वेतिहास पाहून नव्हे. चालकाला पुरेशी झोप देणारा मालक आणि सलग रात्री गाडी हाकायला लावणारा मालक, दोघांचा हप्ता सारखाच. पॉलिसीच्या अटी मोडल्याचं सिद्ध झालं तरच पैसे मालकाकडून वसूल होऊ शकतात. रस्ता कोणी आखला, आणीबाणीचं दार उघडत होतं का, हे प्रश्न बहुतेक दाव्यांत येतच नाहीत.

त्यात कलम 164 आहे. चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी पाच लाख. चुलीला आधार हवाच, आणि तो लवकर हवा. पण कलम 166 चं परंतुक सांगतं की ही रक्कम विहित पद्धतीने स्वीकारली, तर पूर्ण भरपाईचा दावा संपुष्टात येतो. म्हणजे अडलेल्या कुटुंबाने तातडीची मदत घ्यायची, तर बदल्यात चूक कोणाची हे विचारण्याचा हक्क सोडायचा. माझा आक्षेप नेमका इथे आहे. सात लाखांची सरकारी मदत असो की हे पाच लाख, त्या आईबापांना कोणीतरी अधिकृतपणे सांगायला हवं की हे टाळता आलं असतं आणि ते अमक्याने टाळलं नाही. नुकसान सर्वांनी वाटून घ्यावं. दोष मात्र वाटून टाकू नये.

वाट सापडते आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे होणाऱ्या मृत्यूंसाठी सहा लाखांची भरपाई ठरवली आणि ती जबाबदार अधिकाऱ्यांकडून, कंत्राटदारांकडून वसूल करायला सांगितलं. आधी कुटुंबाला पैसे, मग दोषीच्या खिशातून वसुली. हीच रीत महामार्गावरच्या बसमालकांना आणि रस्ता बांधणाऱ्यांनाही लावता येईल. त्यासाठी कलम 166 चं ते परंतुक आधी काढून टाकावं लागेल. ते काम संसदेचं आहे आणि आपल्या खासदारांनी ते तिथे मांडावं.