रविवारचा खेळ : भातवडीचे तळे

गेल्या महिन्यात वस्तीतल्या एका आईने आम्हाला नळावर गाठले. "भाऊ, पोरं वाचनालयात जातात म्हणून मी निर्धास्त असते, अन् तुम्ही त्यांना लढाया शिकवता म्हणे? वर फासे टाकायला लावता!" तक्रार रास्त होती. इतर घरांतही हाच प्रश्न पडला असेल, म्हणून येथेच खुलासा करतो.

विलायतेत वयाने मोठी माणसे क्लबात जमून टेबलावर जुन्या लढाया खेळतात. बोटाएवढे रंगवलेले सैनिक, अंतर मोजून चाल, आणि फाशांवर हार-जीत. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशावर असा खेळ सुरू झाला. पुढे एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने १९१३ साली खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम पुस्तक काढून छापले. तसले सैनिक आपल्या खिशाला परवडणार नाहीत. आम्ही बाटल्यांची बुचे जमवली. एक बूच म्हणजे शंभर माणसे. फाशांऐवजी फोडलेले चिंचोके, फरशीवर खडूने नदी, आणि तळ्याच्या जागी घरची परात. पैशाचा संबंध नाही. जुगाराने घर बुडते हे सिगालोवाद सुत्तात गृहस्थांनाच सांगितलेले आहे, ते आम्ही विसरलेलो नाही.

लढाई मात्र आपल्या मुलखातली घेतली. ज्याने १६१० साली खडकी वसवली, म्हणजे आपले हे शहर, तो मलिक अंबर. जन्म आफ्रिकेतला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हात बदलत दख्खनेत आला आणि निजामशाहीचा कर्ता कारभारी झाला. १६२४ साली मोगल आणि विजापूरकर एकत्र होऊन त्याच्यावर चालून आले. गाठ पडली भातवडीला, अहिल्यानगरजवळ. अंबराच्या बाजूने शहाजीराजे होते, त्यांचे बंधू शरीफजी याच लढाईत पडले.

पहिल्या रविवारी अंबर झालेल्या आठवीतल्या मुलीने सगळी बुचे एकदम पुढे लोटली आणि अर्ध्या तासात हरली. शत्रूची बुचे जास्त होती, दुसरे काय होणार? डोळ्यांत पाणी आले बिचारीच्या. मग आम्ही तिला विचारले, "ताई, परात कशाला ठेवलीय?"

खऱ्या अंबराने तळ्याचा बांध फोडला होता. दिवस पावसाचे, त्यात हे पाणी. समोरच्या फौजेची वाट चिखलाने धरली, दाणावैरण मिळेना, आणि मग अंबराने हल्ला चढवला. खडकीला नहर बांधून पाणी आणणारा माणूस तो, पाणी कुठून कुठे जाते हे त्याला ठाऊक असणारच! आम्ही नियम केला : बांध फुटला की शत्रूची चाल दोन वितींची एक वीत, आणि दर फेरीला उपासमारीचे एक बूच बाहेर. दुसऱ्या रविवारी ती जिंकली.

पण बांध फोडायची दहा बुचे कोणी घ्यायला तयार नव्हते. सगळ्यांना स्वार व्हायचे होते! शेवटी ती बुचे घेतली एका बांधकाम मजुराच्या मुलाने. तो म्हणाला, "काका, कुदळ कशी धरतात ते मला येतं." त्याच्यावाचून डाव पुढे सरकत नव्हता, हे पोरांना दिसले.

आता त्या आईच्या मूळ प्रश्नाकडे येतो. खेळ संपला की पडलेली बुचे मोजायची आणि आकडा फळ्यावर लिहायचा, हा आमचा पक्का नियम आहे. अशोकाने कलिंगाच्या युद्धानंतर तेराव्या शिलालेखात आकडेच लिहवले आहेत : एक लाख ठार, दीड लाख धरून नेले. आमची त्या दिवशी सदतीस बुचे पडली. "म्हणजे सदतीसशे," एकाने हिशेब केला. "आपली सगळी वस्ती, अन् वर पलीकडची पण." मग बराच वेळ कोणी बुचे उचलली नाहीत.

ती आई परवा स्वतः येऊन बसून गेली. बोलली काही नाही, पण परात तिचीच होती, ती नेली नाही.

येत्या रविवारी देवगिरीचा वेढा, १२९६. रामदेवराव किल्ल्यात, मुलगा फौजेसह बाहेर, खाली अल्लाउद्दीन. किल्ल्यावर धान्याच्या म्हणून चढवलेल्या गोण्यांत मीठ निघाले, असे फरिश्ता लिहितो. गोण्या म्हणून काड्यापेट्या लागतील. कोणत्या पेटीत काय आहे, ते फक्त आम्हाला माहीत असेल.