भिंतीवरचं गाव आणि सातबाऱ्यावरचं गाव



हल्ली कुणाच्याही नव्या फ्लॅटच्या गृहप्रवेशाला जा, हॉलमध्ये सोफ्याच्या मागे एक चित्र हमखास दिसतं. कौलारू घर, अंगणात तुळस, जात्यावर बसलेली आजी, टायर पळवणारी पोरं, लांबून येणारी बैलगाडी आणि डोक्यावर घागर घेऊन हसत चाललेली बाई. पूर्वी हे चित्र किराणा दुकानाच्या कॅलेंडरवर फुकट यायचं. आता कॅनव्हासवर छापून, फ्रेम करून ऑनलाइन मागवता येतं. किंमत वाढली, गाव मात्र तेच राहिलं.

मला ही चित्रं आवडतात, हे आधीच सांगते. ‘कसली ही कॅलेंडरवरची चित्रं’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही. सामान्य घरात चित्र आलं तेच मुळी छापखान्यामुळे. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तोवर रंगीत चित्र असायचं ते बहुतेक राजवाड्यात नाहीतर देवळात. छापील चित्रं निघाली आणि ज्यांच्या घरी आरसासुद्धा एकच असायचा त्यांच्या भिंतीवरही चित्र आलं. नंतर दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांनी दिवाळी अंकांची मुखपृष्ठं आणि कॅलेंडरं सजवली. आपल्या आयांनी ती कॅलेंडरं वर्ष संपल्यावरही टाकली नाहीत. चित्र कापून ठेवलं, नाहीतर फळीवर अंथरलं. सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांची, हातात दिवा घेतलेली ती तरुणी आठवते ना? पुष्कळ लोक ते चित्र रविवर्म्याचं समजतात. मूळ जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमध्ये आहे आणि त्यासाठी चित्रकाराची स्वतःची मुलगी उभी राहिली होती. त्याची छापील प्रत किती घरांत आहे याची मोजदाद नाही.

तेव्हा माझं भांडण चित्राशी नाही. चित्रातली बाई भिंतीवर एवढी मोठी आणि कागदावर कुठेच नाही, याच्याशी आहे.

रविवर्म्याचंच एक चित्र बघा, १८९३ चं. इंग्रजी नावाचा अर्थ ‘ते बघ, बाबा आले’. एक तरुण आई कडेवर बाळ घेऊन उभी आहे आणि बाळाला बाहेर बोट दाखवते आहे. समोर कुत्रा आहे. बाबा चित्रात नाहीतच, पण चित्राचं नाव त्यांच्यावर. बघायला फार गोड. पण हे चित्र केरळातलं आहे आणि तिथे त्या काळी नायर घरांत व राजघराण्यांत वारसा आईकडून चालायचा. घर आईचं, मुलं आईच्या कुळाची. त्या घरातली बाई दाराशी उभी राहून बाबांची वाट बघते असं चित्र निघालं, त्याच सुमारास तिथली ती पद्धतही ढासळायला लागली होती. चित्राने काही केलं असं मी म्हणत नाही. पण गोड चित्रातही घर कुणाचं, हा प्रश्न असतोच, एवढंच म्हणायचं आहे.

आता दुसरं, फ्रान्सचं. मिले नावाच्या चित्रकाराने १८५७ मध्ये तीन बायका काढल्या. कापणी झालेल्या शेतात वाकून त्या पडलेली कणसं वेचताहेत. आपल्याकडे याला सरवा वेचणं म्हणतात. मागे लांबवर मालकाच्या धान्याचे ढीग आणि भरलेली गाडी, पुढे या तिघींच्या हातात मूठभर कणसं. जे पीक मालकाने सोडलं तेवढ्यावरच यांचा हक्क. त्या वेळी पॅरिसच्या बड्या लोकांना हे चित्र रुचलं नव्हतं. आज त्याच चित्राच्या प्रती घरोघरी शांत ग्रामीण दृश्य म्हणून टांगलेल्या असतात. छापून छापून चित्रातली टोच बोथट होते, ती अशी.

आमच्या घरी धाकट्या जाऊबाईंनी घागरवालीचं मोठं चित्र आणलं तेव्हा सासूबाई बराच वेळ बघत उभ्या होत्या. त्या वारणाकाठच्या. पंचवीस-तीस वर्षं त्यांनी शेतात काढली आहेत. मग म्हणाल्या, “घागर रिकामी हाय गं. भरली असती तर मान अशी ऱ्हायली नसती. आन् तोंडाला गाळण्याचं फडकं कुठं हाय?” आम्ही हसलो. पण त्यांचं बरोबर होतं. ज्याने पाणी भरलेलं नाही त्याला घागर रिकामी दिसत नाही.

मैत्रिणींनो, आपल्या समाजाला लोक व्यापारी म्हणून ओळखतात. पण सांगली, कोल्हापूर, बेळगाव या पट्ट्यातली आपली कितीतरी घरं पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी आहेत. ऊस, तंबाखू, हळद, भुईमूग यांच्या भांगलणीत आपल्या आज्या-पणज्यांच्या कमरा मोडल्या. त्यांच्या नावाचा उतारा किती घरांत निघतो? बऱ्याचदा नवऱ्याच्या मागे विधवा म्हणून नाव लागतं, तेही मुलं मोठी होईपर्यंत. शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती. घरच्या लक्ष्मीच्या नावावर थोडी तरी जमीन करा, असं गावोगाव सांगितलं. काही शेतकऱ्यांनी खरंच केली, आनंदाने केली. पण ती रीत झाली नाही.

आणि मुलींचं? कायदा आता स्पष्ट आहे. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क मिळाला. हा कायदा आपल्यालाही लागू आहे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की २००५ साली वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क राहतो. तरी आपल्याकडे वडील गेले की दुखवटा संपायच्या आत एक कागद तयार असतो, हक्कसोडपत्र.

नात्यातल्या एका वहिनींची गोष्ट सांगते. त्या चौघी बहिणी, एक भाऊ. वडील गेल्यावर भावाने चौघींना तालुक्याला बोलावलं, सह्या घेतल्या आणि साडीचोळी करून परत पाठवलं. पुढच्या राखीला भावाने त्यांना एक मोठी फ्रेम भेट दिली. जुन्या फोटोवरून काढून घेतलेलं माहेरचं चित्र होतं ते. विहीर, चिंचेचं झाड, पडवीत बसलेले वडील. चित्र सुंदर आहे, मी बघितलंय. काही वर्षांनी ती जमीन प्लॉटसाठी विकली गेली. विहीर बुजवली, चिंच पाडली. वहिनी चिडत नाहीत, भावाशी अबोलाही नाही. एवढंच म्हणाल्या, “मला विचारलं असतं तर मी नकोच म्हटलं असतं. पण विचारलं नाही गं.”

मला यातला ‘विचारलं नाही’ हा शब्द जास्त लागला. जमीन नाकारणं हाही हक्कच आहे. पण नाकारायला आधी ती समोर ठेवावी लागते. मुलीला माहेरची आठवण द्यायची आणि माहेर द्यायचं नाही, असं या चित्रांच्या आडून होतं आणि आपणही ते कौतुकाने भिंतीवर लावतो.

दुसरी बाजू मला माहीत आहे. भावाकडे दोन-अडीच एकर असते, त्यावर कर्ज असतं, आईवडिलांचं दुखणंखुपणं त्यानेच काढलेलं असतं. चार तुकडे केले तर कुणाचंच पोट भरत नाही. शिवाय वाटा मागितला की माहेर तुटतं ही भीती खोटी नाही, तुटलेली माहेरं आपण पाहिली आहेत. म्हणून सगळ्यांनी कोर्टात जा असं मी सांगणार नाही. ज्या भावाने सगळं निभावलं त्याला आपणहून सोडून देणारी बहीण मला मोठीच वाटते. फक्त ते देणं तिचं असावं, तिच्याकडून काढून घेतलेलं नसावं. आणि जे माहेर फक्त सही होईपर्यंतच टिकतं, ते तुटायची भीती किती बाळगायची, हेही एकदा मनाशी विचारून बघा.

म्हणून चार साध्या गोष्टी. माहेरचा आणि सासरचा सातबारा एकदा स्वतः वाचा. महाभूलेखच्या संकेतस्थळावर तो मोबाईलवरही दिसतो. कुणाची नावं आहेत, कुणाची गळली आहेत, बघा. दुखवट्याच्या दिवसांत कुठल्याही कागदावर सही करू नका. महिनाभर थांबायला सांगा, त्यात अपमान कुणाचाच नाही. कागद घरी आणा, वाचा, न कळलं तर जाणकाराकडून समजून घ्या. आणि मुलगा-मुलगी दोघं समोर असताना घरातल्या मिळकतीबद्दल उघड बोला. आपण बोललो नाही तर आपल्या लेकीसमोरही तोच कागद येईल, आणि तो धरणारा हात आपल्या मुलाचा असेल.

चित्रं काढू नका, जरूर लावा. लेकरांना जातं, विहीर, बैलगाडी दाखवा. पण सोबत आजीचं नावही सांगा, तिने किती वर्षं कुठल्या रानात काम केलं ते सांगा आणि त्या रानाच्या उताऱ्यावर तिचं नाव आहे की नाही तेही सांगा. नसेल तर का नाही, हे मुलं विचारतील. उत्तर द्यायची तयारी ठेवा.