वजन उतरल्यावरचा हिशेब

मराठी भाषेत 'वजन' हा शब्द मोठा मानाचा आहे. गावात वजन असलेला माणूस सभेत पुढे बसतो. ज्याच्या शब्दाला वजन असते त्याचे चार लोक ऐकतात. तान्ह्या मुलाने बाळसे धरले की आजी त्याची दृष्ट काढते आणि 'खात्यापित्या घरची' म्हटलेल्या मुलीच्या आईबापांना बरे वाटते. परंतु हेच वजन एका मर्यादेपलीकडे गेले की आपली भाषा एकाएकी बदलते. मुलगा 'ढोल्या' होतो, मुलगी 'म्हैस' होते. स्नेहसंमेलनातले फिशपाँड बहुधा याच मुलामुलींवर पडतात आणि सभागृहात सर्वांत मोठा हशा पिकतो तोही त्याच वेळी.

आमच्या इंद्रवेल्ली-उटनूर भागात हा विषय काढला तर 'हे शहरातल्या श्रीमंतांचे दुखणे' असे उत्तर मिळते. आमच्याकडे कुपोषण, रक्तक्षय आणि सिकलसेल यांची चर्चा आधी व्हावी, हे मलाही मान्य आहे. पण दोन्ही दुखणी एकाच देशात शेजारी शेजारी नांदत आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी १८.७ टक्के प्रमाणापेक्षा कृश, तर २४ टक्के प्रमाणापेक्षा जाड होत्या. म्हणजे जाड स्त्रियांची संख्या कृश स्त्रियांहून अधिक झाली आहे. हा आकडा केवळ श्रीमंतांचा असणे शक्य नाही.

'खातात म्हणून फुगतात' एवढ्याने सारे उलगडते असे समजणाऱ्यांनी पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे संशोधन वाचावे. त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण दिले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! आईच्या पोटातले पोषण, अनुवंश, हार्मोन्स, औषधे, झोप आणि भोवतालचे अन्न या सर्वांचा शरीराच्या घडणीत वाटा असतो. तेव्हा अतिस्थूल माणसाला आळशी वा खादाड ठरवून मोकळे होणे हा न्याय नव्हे.

ज्यांचे वजन इतर उपायांनी उतरत नाही आणि प्रकृतीला धोका असतो, त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेचा मार्ग आहे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये जठराची बायपास शस्त्रक्रिया सुरू केली. आज आपल्याकडे बहुधा 'स्लीव्ह' पद्धतीची शस्त्रक्रिया होते. तीत जठराचा सुमारे तीनचतुर्थांश भाग काढून टाकतात आणि उरते ती केळ्याच्या आकाराची एक नळी. भूक चेतवणारा 'घ्रेलिन' हा हार्मोन मुख्यतः काढलेल्या भागातच तयार होत असल्याने भूकही मंदावते. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या दीर्घ अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या गटातील मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा कमी आढळले. मात्र पहिल्या एकदोन वर्षांत उतरलेल्या वजनापैकी काही पुढे परत चढते, हेही त्याच अभ्यासात दिसले.

पण आपल्या वर्तमानपत्रांना या पुढच्या वर्षांत रस नसतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांना मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणले, तेव्हा त्यांचे वजन सुमारे ५०० किलो सांगितले जात होते. क्रिकेटच्या धावा मोजाव्यात तसे त्यांचे किलो मोजले गेले. मे महिन्यात त्यांना अबुधाबीला हलवले आणि सप्टेंबरमध्ये त्यांचा मृत्यू झाला. ती बातमी किती जणांच्या लक्षात आहे? त्याच फेब्रुवारीत मुंबई महापालिकेच्या मतदानादिवशी मध्य प्रदेशचे पोलीस अधिकारी दौलतराम जोगावत यांचे छायाचित्र लेखिका शोभा डे यांनी थट्टेच्या ओळीसह ट्विटरवर टाकले. 'माझे वजन खाण्याने नव्हे, आजाराने वाढले आहे', असे जोगावतांना साऱ्या देशाला सांगावे लागले. पुढे त्यांच्यावरही मुंबईतच शस्त्रक्रिया झाली. एखाद्या माणसाला आपला आजार सिद्ध करण्यासाठी आधी हसे करून घ्यावे लागावे, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे. भांडवली खर्च आणि महसुली खर्च यांतील फरक आम्ही पहिल्याच वर्षी शिकतो. यंत्र एकदाच विकत घेतात, पण तेलपाणी आणि दुरुस्ती दरवर्षी लागते. या शस्त्रक्रियेचेही तसेच आहे. ती होते एकदाच, आणि मग पहिले काही आठवडे ताक, डाळीचे पाणी, नंतर मऊ अन्न. पुढे जन्मभर थोडे थोडे आणि चावून चावून खायचे, पाणीही घोट घोट प्यायचे, प्रथिनांकडे लक्ष ठेवायचे. ब-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या व वेळोवेळी रक्ततपासणी चुकत नाही. काहींचे केस गळतात, काहींना पित्ताचे खडे होतात, सैल पडलेली कातडी लोंबते.

भारतीय विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये अटी ठरवून दिल्या. वय १८ वर्षे पूर्ण हवे. निर्देशांक किमान ४० हवा, किंवा ३५ आणि सोबत हृदयविकार वा आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखा गंभीर आजार हवा. १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीच्या बाबतीत ४० निर्देशांक म्हणजे सुमारे १०२ किलो. या अटींत बसणाऱ्या शस्त्रक्रियेला विम्याचे दार उघडले, हे चांगलेच झाले. पण साधारण विमा हा रुग्णालयात दाखल होण्यापुरता असतो. जन्मभराच्या गोळ्या आणि तपासण्या बहुतेकांना स्वतःच्या खिशातून कराव्या लागतात. हैदराबादच्या सरकारी उस्मानिया रुग्णालयातही २०२३ मध्ये अशी शस्त्रक्रिया मोफत झाली. परंतु इंद्रवेल्लीहून हैदराबाद सुमारे तीनशे किलोमीटर. एकदा जाणे जमेल. दर काही महिन्यांनी बसभाडे आणि बुडालेला रोजगार कोण भरून देणार? जिल्ह्याच्या ठिकाणी, आदिलाबादच्या 'रिम्स'मध्ये, या रुग्णांच्या पुढील तपासणीची निश्चित सोय असावी, असे मला वाटते.

याहून मोठा खर्च मात्र कोणत्याही खातेवहीत लिहिला जात नाही. तो म्हणजे लपवाछपवीचा. शस्त्रक्रियेपूर्वी 'खादाड' म्हणणारे लोकच नंतर 'सोपी पळवाट काढली' म्हणतात. म्हणून माणसे ती लपवतात. मुलगी असेल तर लग्न ठरेपर्यंत नव्हे, लग्नानंतरही लपवली जाते. यातला धोका नीट समजून घ्यावा. शस्त्रक्रियेनंतर साधारण १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी असे डॉक्टर सांगतात. जिने सासरी काहीच सांगितलेले नाही, ती हे कोणत्या तोंडाने सांगणार? लोहाच्या आणि ब-१२ च्या गोळ्या लपूनछपून किती दिवस घेणार? पंगतीत 'आमच्या घरचे जेवण आवडले नाही का?' असा आग्रह झाला, तर तिने घास कसा नाकारायचा? येथे लाज केवळ मनाला बोचत नाही, ती शरीराला इजा करते.

नितीन गडकरी यांनी २०११ साली, पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना, मुंबईत अशी शस्त्रक्रिया करून घेतली आणि ती गोष्ट लपवली नाही. मोठ्या माणसाला हे परवडते, कारण त्याच्या शब्दाला वजन असते. सामान्य घरातल्या मुलीलाही ते परवडावे, असे वातावरण आपण निर्माण करायला हवे.

कोणी म्हणेल, वजनाची काळजी घ्यायला सांगणेही गुन्हा झाला काय? मुळीच नाही. चालावे, खेळावे, तळलेले आणि गोड बेताने खावे, हे सर्वांनाच सांगावे; कृश दिसणाऱ्यांनाही, कारण त्यांनाही मधुमेह होतो. पण सल्ला आणि टिंगल यांत फरक आहे. टिंगलीने कोणाचे वजन उतरल्याचे ऐकिवात नाही. वर्गात येणे बंद झाल्याचे मात्र दिसते.

विद्यार्थी बंधुभगिनींनो, आपल्या हाती रुग्णालये नाहीत की विम्याचे नियम नाहीत. पण संमेलनाच्या समितीत आपणच असतो. शरीरावरचे फिशपाँड पेटीतून काढून टाकायला ठराव वा निधी लागत नाही. गुरुजनांनाही विनंती आहे की, नाटकात जाड मुलाला नेहमी विदूषकच करू नये. आणि ताटात थोडेच वाढून घेणाऱ्याला कारण विचारू नये. त्याचे त्याला जेवू द्यावे.